आधी गाव वाचावं



आमच्या रेडीला येणारी माणसं बहुधा दोन ठिकाणं विचारतात : द्विभुज गणपतीचं देऊळ आणि यशवंतगड. काही वर्षांपूर्वी मोजणीची माणसं आली, त्यांनी काहीच विचारलं नाही. रस्ता रुंद व्हायचा होता. त्यांनी टेप धरला, वाडीतल्या गडग्यांवर लाल फुल्या मारल्या आणि ती निघून गेली. एक फुली विहिरीच्या कठड्यावर होती. त्या विहिरीवर आमचा मोहल्ला आणि शेजारची वाडी असं दोघांचं पाणी चालतं, हे त्यांच्या कागदावर कुठून दिसणार? पुढे काम मागे पडलं, फुल्या पावसाने पुसट झाल्या. माझ्या मनातली फुली मात्र गेली नाही.

त्या दिवसांत मला बी.ए.च्या पुस्तकातलं एक नाव आठवलं : डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म १८९३, मालवण. एवढा मोठा समाजशास्त्रज्ञ आपल्याकडचा, याचाच तेव्हा केवढा अभिमान! इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी. पण खुद्द घुर्यांना निवडून परदेशी शिकायला पाठवणारे गुरू कोण, हे मी परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं. ते होते पॅट्रिक गेडिस.

गेडिस मूळचे स्कॉटलंडचे, जन्म १८५४ सालचा. अभ्यास जीवशास्त्राचा. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळे परत आले, तेव्हा ते माणसांच्या वस्त्यांकडे पाहू लागले. एडिंबरो शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या आणि बकाल भागात लग्नानंतर पत्नी ॲनासह ते मुद्दाम राहायला गेले. घरं झाडली, रंगवली, मोकळ्या जागेत झाडं लावली आणि विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. गरिबांची वस्ती सुधारायची तर आधी तिचे शेजारी व्हावं, हा त्यांचा धडा.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि कितीतरी गावांच्या गल्ल्या पायांनी फिरले. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसं पाहणी केल्याशिवाय आराखडा करू नये, असं ते सांगत. जुन्या वस्तीतून सरळ रस्ता काढण्यासाठी शेकडो घरं पाडण्याला त्यांचा विरोध असे. पडकं तेवढं काढा, झाड आणि विहीर राखा, थोडी मोकळी जागा करा, बाकीच्यांना राहू द्या. ज्यांची घरं पडतात ते शेवटी जातात कुठे, हा प्रश्न ते विचारत.

होळकरांच्या इंदूरची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. शहरात प्लेगची धास्ती होती आणि लोकांना या परक्या माणसाचीही धास्ती वाटे. गेडिस एका दिवसापुरते 'महाराजा' झाले. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने नव्हे, तर ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील त्यांतूनच जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. गावाने गाड्याच्या गाड्या भरून कचरा काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं सोंग होतं आणि मानाने चालणारे सफाई कामगारही होते. १९१७ साली युद्धात त्यांचा मुलगा गेला. त्याच वर्षी कलकत्त्यात ॲना गेल्या. काम थांबलं नाही. १९१८ साली इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला. १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात शिकवत होते. तिथेच घुर्ये त्यांच्यासमोर आले.

हे सारं वाचून मला वाटलं, आपणही आपलं गाव वाचावं. मे महिन्याच्या सुटीत वाचनालयात दहा-बारा मुलं जमवली. म्हटलं, गावाचा नकाशा काढा. गाबित वाड्यातल्या मुलाने आधी समुद्र काढला, मग होड्या ओढून ठेवायची जागा. एका मुलीने विहीर काढली. नमुना म्हणून मी माझा नकाशा भिंतीवर लावला होता. त्यात देऊळ, मशीद, शाळा, बंदर, सगळं होतं. खाणीच्या कामासाठी बाहेरून आलेल्या मजुरांची एक पोर त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. शाळेत शिकलेल्या मालवणीत तिने विचारलं, "चाचा, हेच्यात आमचा घर खंय आसा?"

नव्हतं. डोंगराच्या पायथ्याची ती खोपटं मी रोज पाहत होतो. तरी माझ्या कागदावर ती आलीच नव्हती. टेप घेऊन आलेल्या माणसांवर मी इतकी वर्षं रागावलो होतो, आणि ती तर परकी होती. मी इथलाच.

मी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने एकोणीस खोपटं काढली, अगदी मोजून. मग तिथून एक बारीक वाट काढत ती थेट आमच्या विहिरीपर्यंत आणली. मी विचारलं, ही कसली वाट? म्हणाली, आई पाण्याला येते, रोज, फजरच्या बांगेआधी. कुणी ओरडू नये म्हणून.

आमच्या विहिरीवर तीन वस्त्या पाणी भरतात, हे मला त्या दिवशी कळलं.