कोळंबीच्या टरफलाचं मोल

वर्सोव्यात आम्ही बायका सोडे करायला बसलो की शेजारी टरफलांचा ढीग लागतो. डोकं आणि साल मिळून कोळंबीचं जवळजवळ निम्मं वजन त्यातच जातं. म्हणजे पैसे मोजून घेतलेला निम्मा माल आम्ही कचऱ्यात टाकतो, वर वासावरून शेजाऱ्यांची बोलणी खातो.

या टरफलात कायटिन असतं. त्यापासून कायटोसान करतात. त्याने रक्त लवकर गोठतं, म्हणून ते जखमेवरच्या खास पट्ट्यांत वापरतात. शेतीतही त्याचा उपयोग आहे. बुरशीच्या अंगात कायटिन असतं. त्यामुळे कायटोसान फवारलं की रोपाला बुरशी आल्यासारखं वाटतं आणि ते आधीच सावध होतं.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने टरफलापासून हे पदार्थ करण्याचं तंत्र विकसित केलं आहे. नेहमीच्या पद्धतीत आम्ल आणि कॉस्टिक सोडा लागतो. जैवतंत्रज्ञानात यातलं काही काम जिवाणूंकडून करून घेतात. दही लावणाऱ्या जिवाणूंचेच हे भाऊबंद. त्यांच्या आंबटपणाने टरफलातला चुना विरघळतो.

हे कळल्यावर बैठकीत एकीने विचारलं, "मग आपणच पिंपात करूया की!" आम्ही कर्जाचा अर्जही लिहायला घेतला होता. पण थांबलो. कॉस्टिकने कातडी भाजते, डोळा जाऊ शकतो. आणि ते पाणी सोडणार कुठे? खाडीतच ना? जिच्यावर पोट भरतं तिच्यातच विष कसं ओतायचं? शिवाय औषधाचा माल तपासणीशिवाय चालत नाही. म्हणून घरी प्रयोग नकोत, आणि टरफलाची पूड जखमेवर तर मुळीच लावू नका.

आपल्या हातात आहे ते नीट माल राखणं. टरफलं वेगळ्या पाटीत ठेवा, त्यात प्लास्टिक पडू देऊ नका, त्याच दिवशी वाळत घाला. १९६१ साली मुंबईत सुरू झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आपल्या वर्सोव्यातच आहे. तिथे आम्ही गटाने मिळून जाणार आहोत. टरफलं कोण घेतं, किती सुकी लागतात, किलोला काय भाव पडतो, हे आधी विचारणार. कर्जाचा अर्ज त्यानंतर. तुमच्या गटानेही आधी विचारावं, मगच सही करावी.