ब्रेक दुरुस्त झाले, पण पेडल मऊ लागतें

मोटारीचे ब्रेक नुकतेच दुरुस्त होऊन आलेले असतात. पॅड नवे, कॅलिपर नवे, बिलही चुकतें झालेलें. चालक पेडलावर पाय ठेवतो, तों कापसाच्या गादीवर पाय पडावा तसें तें आंत आंत जातें. अशा वेळीं 'चालवा, बसेल आपोआप' असें मेस्त्री म्हणाला, तरी ती गाडी रस्त्यावर नेऊं नये. नवे पॅड बसावयास थोडी धांव लागते हें खरें. परंतु पेडल तळाला टेकणें हें त्याचें लक्षण नव्हे.

पायाचा जोर चाकापर्यंत पोंचवितें तें ब्रेक ऑइल. द्रव दाबानें जवळजवळ आकसत नाहीं, हवा मात्र सहज आकसते. दुरुस्तीसाठीं नळी सोडली कीं हवा आंत शिरते, आणि मग पायाचा पुष्कळसा जोर बुडबुडे दाबण्यांतच खर्ची पडतो.

दोष कोठें आहे हें बहुधा पेडलच सांगतें. इंजिन बंद ठेवून तें चार-पांच वेळां दाबावें, म्हणजे बूस्टरची मदत संपते. क्षणभर थांबून पुन्हां भराभर दाबावें. दर दाबागणिक पेडल वर येत असेल, तर नळींत हवा आहे, किंवा मागील ड्रममधील शू फार सैल आहेत. वर येऊनही पायाखालीं लवचिक लागलें तर हवेचा संशय अधिक. मग तें एकसारखें दाबून धरावें. हळूहळू खालीं सरकूं लागलें तर गळती समजावी. चाकें व सांधे कोरडे असून भांड्यांतील पातळीही उतरली नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या सीलवरून ऑइल आंतल्या आंत मागें जात असावें. जुन्या गाडींत हें दुरुस्तीनंतरच उद्भवतें. हवा काढतांना मदतनीस पेडल पार तळापर्यंत दाबतो, आणि एरवीं कधीं न वापरल्या गेलेल्या गंजक्या भागावर सील घासून फाटतें.

एक चूक मोठी फसवी आहे. डावा कॅलिपर उजवीकडे व उजवा डावीकडे बसला, तर हवा काढण्याचें निपल खालच्या बाजूस येतें. हवा तर वर राहते! मग कितीही ऑइल वाहवलें तरी पेडल मऊ तें मऊच. निपल वर आहे कीं नाहीं, हें मालकानें स्वतः वांकून पाहावें. त्याला हत्यार लागत नाहीं. एबीएस असलेल्या कांहीं गाड्यांत मात्र त्याच्या पेटींत अडकलेली हवा काढण्यास संगणकयंत्र जोडावें लागतें.

उघड्या डब्यांत उरलेलें ऑइल घालूं देऊं नये. तें हवेंतील ओलावा शोषतें. ताज्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदु किमान २०५ अंश सेल्सियस असतो, पाणी शिरल्यावर तो १४० च्या आसपास उतरूं शकतो. बोरघाट उतरतांना ब्रेक फार तापले, तर असें ऑइल उकळून त्याची वाफ होते, आणि वाफही हवेप्रमाणेंच आकसते. गॅरेजच्या दारांत घट्ट असलेलें पेडल मग खोपोलीच्या अलीकडेच मऊ पडूं शकतें.