गुडघेदुखीवर सुईचा उपाय

गुडघ्याची झीज, गोळ्या-व्यायाम करूनही जिना चढताना कळ, आणि सांधेबदल शस्त्रक्रिया झेपणार नाही असं वय. अशांसाठी रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन आहे.

वेदनेचा निरोप नेणारे बारीक मज्जातंतू गुडघ्याभोवती असतात; उपचार सहसा त्यांतल्या तिघांवर करतात. जागा बधिर करून, एक्स-रे किंवा सोनोग्राफीत पाहत सुई त्यांच्याजवळ नेतात आणि टोक साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत मिनिट-दीड मिनिट तापवतात. निरोप थांबतो. पायाची ताकद सांभाळणारे मज्जातंतू वेगळे, त्यांना हात लावत नाहीत.

आधी बधिरतेच्या इंजेक्शनची चाचणी जरूर करून घ्या. तिनं दुखणं उतरलं, तरच पुढं जाण्यात अर्थ. झीज मात्र भरून येत नाही. मज्जातंतू पुन्हा वाढतात, म्हणून आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर. तेवढ्यात मांडीचे स्नायू बळकट करा. पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.