श्वास घेताना छाती का दुखते?

(ज्ञातिमंडळाच्या कुडाळ येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मंडळाच्या कार्यकारिणीने आज्ञा केली, ती मी आनंदाने मान्य केली. विषय साधाच निवडला आहे. श्वास घेताना छातीत अथवा घशात दुखते, ही तक्रार कधीच ऐकू आली नाही असे घर आपल्या ज्ञातीत क्वचितच असेल. तिच्यावर आपली उत्तरेही ठरलेली आहेत: 'उसण भरली', 'वात धरला', 'पित्त चढले'. मग ओव्याची पुरचुंडी, तुळशीचा काढा, हळद घातलेले दूध. या उपायांची मी थट्टा करीत नाही. त्यांनी पुष्कळदा आराम पडतो. परंतु आराम पडणे आणि रोग जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तो भेद ओळखता यावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फुफ्फुसाच्या गाभ्याला वेदना कळत नाही. ती कळते छातीच्या आतील पातळ अस्तराला, बरगड्यांना, स्नायूंना आणि श्वासनलिकेला. म्हणून रोग फुफ्फुसात वाढत असला, तरी तो अस्तराला भिडेपर्यंत रोग्यास काहीच दुखत नाही, असेही घडते. दुखणे थोडे म्हणून रोग थोडा, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

आता घशापासून आरंभ करू. घसा दुखण्याचे बहुतेक प्रकार पडशाचे असतात व आठवड्याच्या आत बरे होतात. मात्र पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत एका विशिष्ट जंतूमुळे घसा सुजतो आणि उपचार न झाल्यास काहींना पुढे सांधे धरणारा ताप येतो. हा ताप हृदयाच्या झडपांना कायमची इजा करू शकतो. म्हणून डॉक्टरांनी औषध जितके दिवस सांगितले असेल तितके दिवस ते द्यावे. ताप उतरला म्हणून मध्येच थांबवू नये. घटसर्पाची लस बालकांना वेळच्या वेळी टोचून घ्यावी. दुसरा प्रकार आपल्या मत्स्याहारी किनाऱ्याचा. मासळीचा काटा अडकला की भाताचा गोळा किंवा केळे गिळून तो खाली लोटण्याची रीत घरोघर आहे. त्याने काटा अधिक खोल रुतण्याचा संभव असतो. टोचणी राहिली तर डॉक्टरांकडून काटा काढून घ्यावा.

घशाखाली श्वासनलिका. चुलीचा धूर, काजूबिया भाजताना निघणारा झोंबरा धूर, चिरेखाणीतील धूळ आणि विडी-सिगारेट यांनी ती चुरचुरते. खोकून खोकून बरगड्यांमधील स्नायू दुखावतात. बोटाने दाबले असता नेमक्या जागी दुखते, हे या दुखण्याचे सामान्य लक्षण होय. जेवणानंतर आडवे होताच छातीतून घशाकडे जळजळ चढते, ती बहुधा आम्लपित्ताची.

याहून निराळी कळ म्हणजे दीर्घ श्वास घेताच सुरी खुपसल्यासारखी येणारी चमक. ती बहुधा अस्तराच्या दाहाची असते. सोबत थंडी वाजून ताप व कफ असेल तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा. बाळंतपण, शस्त्रक्रिया अथवा दीर्घ काळ अंथरुणास खिळणे यानंतर पाय सुजून अकस्मात धाप लागली, तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. एखाद्या सडपातळ तरुणाच्या छातीत एकाएकी कळ येऊन दम कोंडला, तर फुफ्फुसातून हवा सुटून अस्तरात शिरलेली असू शकते. या दोन्ही प्रसंगी काढा उकळीत बसण्यास अवधी नसतो.

हृदयाची वेदना सहसा श्वासाबरोबर वाढत नाही. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते. ती वेदना घसा, जबडा, डावा हात यांकडे पसरते, दरदरून घाम येतो. स्त्रियांत व मधुमेह्यांत मात्र नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. आपल्या माउल्या 'गॅस झाला असेल' म्हणून पदर खोचून पुन्हा कामाला लागतात. त्यांचे हे सोसणे कौतुकाचे खरे, पण घरच्यांनी ते गृहीत धरू नये.

आता ज्या रोगाचे नाव आपण मोठ्याने घेत नाही, त्याविषयी. आपले पूर्वज पोटासाठी मुंबईस गेले, गिरणगावच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा जण राहिले. त्यांतील कित्येक चाकरमानी खोकला व रक्ताची गुळणी घेऊन गावी परतले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉक यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला होता; परंतु त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ साली हाती आले. मधल्या काळात रोग्याच्या वाट्यास माळीवरचे अंथरूण आणि निराळे ताट एवढेच आले. ते भय त्या काळी समजण्यासारखे होते. आज ते बाळगण्यास कारण उरलेले नाही. साध्या क्षयावर शासकीय केंद्रांत औषध विनामूल्य मिळते व उपचार साधारणपणे सहा महिन्यांत पुरा होतो. उपचार चालू असताना पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये करण्यात आली.

असे असूनही मुलीचे लग्न ठरावयाचे आहे म्हणून तिचा खोकला लपविला जातो. वराकडील मंडळींस कळू नये म्हणून गोळ्या मध्येच बंद केल्या जातात. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतात, मग तीच औषधे निरुपयोगी ठरतात आणि घरातील लेकरांनाही बाधा होते. बंधुभगिनींनो, स्थळे जुळविणे हे आपल्या मंडळाचे एक कार्यच आहे. म्हणून मंडळास माझी विनंती आहे की, औषधाचा क्रम पुरा करून बऱ्या झालेल्या मुलामुलींस विवाहाच्या बाबतीत कोणताही कमीपणा मानला जाणार नाही, असे आपण एकमुखाने ठरवावे. लपविण्याचे कारण नाहीसे झाले की लपविणेही थांबेल.

शेवटी ध्यानात ठेवण्याजोगे इतकेच. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास थुंकी तपासून घ्यावी. ओठ निळसर होणे, बोलताना धाप लागणे, लाळही गिळता न येणे, छातीवर दाब येऊन घाम सुटणे, शुद्ध हरपणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कुडाळहून ओरोसचे शासकीय रुग्णालय काही दूर नाही. रात्र आहे, पाऊस आहे, सकाळी पाहू, असे म्हणू नये.