तांब्याचं माप

आम्ही एएनएमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली, म्हणजे उद्या तुमच्या गावात येणाऱ्या सिस्टर. आज आमच्या शिकण्याबद्दल थोडं बोलतो.

पहिल्या वर्षी मॅडम सांगायच्या, आम्ही वहीत उतरवून पाठ करायचो. "ओआरएसचं मोठं पाकीट, एक लिटर पाणी" हे झोपेतही सांगता यायचं. मग वॉर्डात ड्युटी लागली. जुलाब लागलेल्या बाळाच्या आईने विचारलं, "लिटर म्हंजी आमच्या तांब्यानं किती वो?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो, हेही पाठ होतं. तांब्या मात्र कधी मोजला नव्हता. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरने मापाचं भांडं आणून तिला दाखवलं.

हे मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तांबे, पेले, लिटरची बाटली मांडली. आधी त्यांनी करून दाखवलं, मग प्रत्येकीने केलं. चुकलं ते तिथंच सुधारलं. आमच्यात कुणाला ऐकायला आवडतं, कुणाला चित्रं बघायला. पण हात बसला तो करूनच. आता नाडी, बीपी एकमेकींवर शिकतो, बाळंतपण बाहुलीवर. मगच पेशंटजवळ जातो.

तुमच्या गटात सिस्टर आली की नुसती मान डोलवू नका. "करून दाखवा" म्हणा. मग तिच्यासमोर स्वतः करा, तिला तपासू द्या. आणि आज घरी लिटरच्या बाटलीने आपला तांब्या तेवढा मोजून ठेवा.