अभयारण्याचा कारभार आणि पाड्यावरच्या बाया

(शहापूर-मुरबाडमधील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



तानसा धरणाचं पाणी मुंबई १८९२ पासून पिते आहे. भोवतालचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया टँकरची वाट बघतात. मुरबाडमध्ये सिद्धगडाच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्य लागतं. जंगल राखायचं कुणासाठी आणि त्याचा भार कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

सरपण, पाणी, शेवळं-कुर्डूसारख्या रानभाज्या, मोहाची फुलं हे सगळं बहुतेक बाईच आणते. म्हणून जंगलातला बदल तिला आधी कळतो. मोहाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की वेचलेली फुलं सडतात. पावसाळ्यात तो चार दिवस कोसळतो, मग दडी मारतो. पाणी मुरण्याआधीच वाहून जातं, विहीर लवकर आटते, खेप लांबते. हवामान बदलाचा आपल्या बायांपुरता अर्थ हा असा आहे.

लोकांनी वनखात्याबरोबर जंगल सांभाळावं, यासाठी महाराष्ट्रात १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासन निर्णय निघाला. समित्या झाल्या, पण शेवटचा शब्द खात्याचाच राहिला. २००६ चा वनहक्क कायदा पुढे गेला. तो अभयारण्यालाही लागू आहे. त्यानुसार सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करू शकते. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदाही बदलला. आता अनुसूचित क्षेत्रातल्या अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून बनवावा लागतो. शहापूर पूर्ण तालुका आणि मुरबाडचा काही भाग या क्षेत्रात येतो.

पण ग्रामसभा म्हणजे कोण? वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर हवा. कायदा इतकं सांगतो. प्रत्यक्षात सभा ऐन पाण्याच्या वेळेला ठेवतात आणि वही घरोघर फिरवून बायांचे अंगठे घेतात. असा अंगठा म्हणजे सहभाग नव्हे.

म्हणून तीन कामं हाती घेऊ. एक, सभेची वेळ बायांना विचारून ठरवायची आणि हजेरी सभेतच मोजायची. दोन, अभयारण्याचा आराखडा मराठीत मागायचा आणि पाड्यावर मोठ्यानं वाचायचा. सरपणाला कुठे जायचं, कुठला झरा राखायचा, कुठल्या महिन्यात कुठला भाग बंद ठेवायचा, हे त्यात बायांच्या तोंडून लिहून घ्यायचं. तीन, आपल्याही सवयी तपासायच्या. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवा पेटतो. पाला झाडून बाजूला करता येतो, खाली जुनी लुगडी अंथरता येतात. हा ठराव बायांनीच मांडावा, म्हणजे खात्यापुढे आपला शब्दही वजनदार होईल.

जंगल राखायला आपली ना नाही. ते आजवर राखलंच आहे. आता ते कसं राखायचं हे ठरवणाऱ्यांत आपण असायला हवं. पुढच्या ग्रामसभेला एकटीनं जाऊ नका, शेजारच्या चारजणींना घेऊन जा.