यंत्राची साक्ष कागदावर उतरवून घ्या
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बांधाची मोजणी म्हटली, की पूर्वी साखळी यायची. आता बऱ्याच गावांत काठीवर बसवलेला रोव्हर येतो. तो उपग्रहांचे संदेश ऐकतो आणि पडद्यावर अक्षांश-रेखांशांचे लांबलचक आकडे दाखवतो. आपला माणूस ते पाहून मान डोलावतो. आकाशातून आलेला आकडा, त्याला कोण खोटा म्हणणार!

खोटा म्हणायची गरजच नाही. आपल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे यंत्र स्वतःच सांगत असते. ती साक्ष बाहेर पाठवायची की पोटात ठेवायची, हे मात्र सेटिंग करणारा माणूस ठरवतो.

बहुतेक यंत्रे ज्या भाषेत बोलतात, तिचे नाव एनएमईए ०१८३. अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संघटनेने ती जहाजांसाठी बांधली. जहाजाला बांध नसतो, त्यामुळे हातभर इकडे-तिकडे झाले तरी चालत असे. या भाषेतली आपल्या कामाची ओळ म्हणजे जीजीए. तिच्यात वेळ, अक्षांश, रेखांश आणि त्याला लागून एक एकटा आकडा येतो. तो १ असेल, तर यंत्राने कोणाची मदत न घेता जागा काढली. चूक काही मीटरची. २ म्हणजे थोडी सुधारणा मिळाली. ४ म्हणजे जवळच्या संदर्भ केंद्राची दुरुस्ती नीट बसली, चूक दोन-तीन सेंटिमीटर. ५ म्हणजे दुरुस्ती येते आहे पण अजून बसलेली नाही. पाच चारापेक्षा मोठा म्हणून चांगला समजू नका, तो कच्चा आहे.

याची किंमत जमिनीत मोजा. दोनशे मीटरचा बांध तीन मीटर सरकला, तर सहाशे चौरस मीटर गेले. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! एवढ्यावरून भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. आणि हाती येणाऱ्या तक्त्यात अक्षांश असतो, रेखांश असतो, तो एकटा आकडा तेवढा नसतो.

दुसरी गोष्ट दशांश घरांची. ही भाषा अक्षांश अंशात आणि मिनिटांत लिहिते. १९३० असे सुरू झाले, तर ते १९ अंश ३० मिनिटे, म्हणजे साडेएकोणीस अंश. कोणी ते १९.३० अंश म्हणून नकाशावर टाकले, तर तुमचे शेत बावीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडेल. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी वेगळीच आहे. मिनिटापुढे चारच घरे ठेवली, तर एक पायरी साडेअठरा सेंटिमीटरची होते. यंत्राने दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजले आणि बाहेर देताना ते गोल करून टाकले! अशा यंत्रांत जास्त घरे देण्याची सोय असते. ओळ लांबते आणि जुन्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही, म्हणून ती सोय कधीकधी बंद ठेवलेली असते. सुरू करायला सांगा.

तिसरे, वायरीच्या वेगाचे. जुना ठरलेला वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४८० अक्षरे. चाळीस उपग्रहांची यादी देणाऱ्या जीएसव्हीच्या ओळीच दहा होतात, त्यांची अक्षरे सातशेच्या घरात. नळी तुंबते, ओळी उशिरा येतात, काही गळतात. वेग वाढवा किंवा नको त्या ओळी बंद करा. जीजीए बंद करू नका. बऱ्याच दुरुस्ती-सेवा आपल्याकडून हीच ओळ मागून घेतात. शेवटी सेटिंग यंत्राच्या कायमच्या स्मृतीत जतन करा, नाहीतर बटण बंद केले की बऱ्याच यंत्रांत मेहनत पाण्यात.

आंब्याखाली किंवा भिंतीलगत ४ आला, तरी अर्ध्या तासाने तोच बिंदू पुन्हा घ्या. दोन्ही वेळचे आकडे जुळले नाहीत, तर तो बिंदू धरू नका.

आपण आपल्यापुरते मोजलेले सरकारी मोजणीची जागा घेत नाही, हे पक्के लक्षात असू द्या. पण सरकारी मोजणीच्या वेळीही बांधावर उभे राहून प्रत्येक खुणेचा तो एकटा आकडा आणि वेळ विचारा, वहीत टिपा, शेजाऱ्यालाही टिपायला लावा. जेवणानंतर मागच्या ओट्यावर यंत्र लावून ठेवतो. प्रत्येक तालुक्यातून दोघांनी जीजीएची ओळ स्वतः वाचूनच घरी जायचे आहे.